मसुदा, पान चौदा

शिवाजीनगर, तिसरा मजला.
'शाश्वत' हा शब्द आज एकोणीस वेळा टाइप केला;
साहेबांनी दोन खोडले, तीन वाढवले.

वेल्ह्याच्या हौसाबाई ढेबे
हरकत नोंदवायला सकाळपासून बसलेल्या,
मांडीवर वरईचं गाठोडं.
"बियाणं कुठल्या कंपनीचं?" मी रकाना वाचला.
"सासूच्या सासूचं. लिहा तसंच."

रकाना बोटभर रुंद.
'इतर'वर खूण केली,
त्यांना वाचता येत नाही असं धरून.
येत होतं.

मग त्यांनी माझी पिनांची डबी
टेबलावर उपडी केली,
तीत मूठभर वरई ओतली
आणि साडेपाचची एस.टी. गाठायला निघून गेल्या.

सहाला मसुदा मुंबईला जायचा होता.
पिना फरशीवर विखुरलेल्या.
पान चौदा
तसंच, सुटं गेलं.