उसने चाळीस

गास्पारेनं केलं काय, तर
पुतणीच्या बाप्तिस्म्याला, चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून
हवेत तीन गोळ्या झाडल्या.
त्याआधी रोख मोजून पिवळी गाडी घेतली,
आणि बफेलोच्या हिवाळ्यात, जिथे झाडून सगळ्या गाड्या
मिठाच्या रंगाच्या होतात,
ती रोज धुवायचा.
जिभेला हाड नव्हतं. गोदीतल्या मालाचा आकडा
न्हाव्याच्या खुर्चीत, फेसाळल्या तोंडानं सांगून बसला.

माझ्या बेकरीच्या मागच्या खोलीत
दर मंगळवारी पत्ते पडतात. मी भट्टीपाशी असतो.
भिंत पातळ आहे.
पहिल्या वेळी नुन्झिओनं त्याच्या थोबाडीत दिली,
दुसऱ्या वेळी महिन्याचा वाटा कापला, आईवरून शिवी घातली,
मग दोघं एकाच ताटात जेवले.
रागावतात तोवर माणूस घरचा असतो.

तिसऱ्या वेळी कुणी आवाज चढवला नाही.
खुर्ची पुढे केली.
कालपर्यंतच्या अरे-तुरेचं अहो झालं.
त्याचे शिळे विनोद शेवटपर्यंत ऐकून घेतले.
सलग सात डाव जिंकला तो त्या रात्री,
बाहेर येऊन मला म्हणाला,
‘ओत्ताव्हिओ, नशीब उघडलंय माझं.’

बुधवारी नुन्झिओ पाव घ्यायला आला,
नेहमीचा, तीळ लावलेला.
काउंटरवरचं पीठ बोटानं पुसत म्हणाला,
‘गास्पारेचं काही देणं आहे तुझ्याकडे?’
चाळीस डॉलर, मी म्हटलं. मुलीच्या दातांसाठी घेतलेले.
‘देऊन टाक. या आठवड्यात.’
पावाचे सुटे मोजून ठेवले
आणि गेला.

आळीभर हेच चाललेलं.
शिंप्यानं कोटाचे आगाऊ पैसे परत केले,
मासेवाल्यानं दोन वर्षांपूर्वी नेलेली शिडी आणून दिली.
मेलेल्याचं ऋण कुणाला अंगावर नको असतं.
आणि हा तर जिवंत,
शिडी खांद्यावर, शीळ घालत जिना चढतोय.

सांगू शकलो असतो मी.
मी चार नोटा पुढे केल्या.
त्यानं दोन माझ्याच खिशात कोंबल्या:
‘राहू दे, नाताळनंतर दे. पोरीला काहीतरी गोड घे.’
दात किडलेल्या पोरीला, गोड!
असाच होता. बेफाम, सगळ्याच बाबतीत.

बर्फ वितळल्यावर, एप्रिलात,
धान्याच्या कोठारांमागे पिवळी गाडी सापडली.
आत कुणी नव्हतं.
आतून धुतलेली होती.

त्याची आई गुरुवारी येते.
मी दोन पाव जास्त घालतो.
ती पिशवी उघडून मोजते, दोन काढून काउंटरवर ठेवते,
म्हणते, ‘आमचं कुणाकडे काही येणं नाही.’
तिला काय ठाऊक आहे, मला ठाऊक नाही.

गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात त्या दोन नोटा
अजून आहेत, पिठानं पांढुरक्या.
नाताळ दोनदा होऊन गेला.