मागणीनुसार

गोचीड जुलैत कधीतरी चावली असावी.
राउनोला आठवत नाही. तो जुनिपरची झुडपं तोडत होता,
मांडीवर लाल कडं उठलं, आठवड्यात विरून गेलं.
ऑगस्टच्या शेवटी तो कुरेसारेला आमच्या दारात उभा राहिला,
आणि उभा राहिला नाही.

ठोके अठ्ठावीस.
वरच्या कप्प्यांचा निरोप खाली पोचत नव्हता.
वर नव्वद, खाली अठ्ठावीस:
एका घरात दोन चुली.

वाऱ्याने फेरीबोट बंद. हेलिकॉप्टरवाले म्हणाले, उजाडल्यावर बघू.
डॉक्टर रात्निकनी एक पट्टी छातीवर चिकटवली, एक पाठीवर,
म्हणाले, करंट वाढवत जा.
पन्नास. साठ. ऐंशी.
पडद्यावर रेघ उठते, पण रेघेवर विसंबायचं नसतं,
मानेवरही नाही. तिथले स्नायूच उड्या मारतात
आणि नाडी असल्याची बतावणी करतात.
मी जांघेत बोटं रुतवून बसले.
पंच्याण्णवला बोटांखाली काही आलं.
"आलं," मी म्हटलं. कोणी काही बोललं नाही.

मिनिटाला सत्तर वेळा त्याचा खांदा उडत होता,
झोपेचं औषध देऊनही दात आवळलेले.
काचेबाहेरून त्याच्या आईला, उर्वेला, वाटलं
पोराला उचक्या लागल्यात.
मी तिची समजूत तशीच राहू दिली.

पहाटे मानेच्या शिरेतून तार आत गेली,
मासेमारीच्या दोऱ्यापेक्षा थोडी जाड.
टोक भिंतीला टेकलं आणि खांदा निवला.
बाहेरून पंच्याण्णव लागत होते,
आतून एकसुद्धा पुरत होता.

मग रोज सकाळी उंबरठा शोधायचा.
चार, तीन, दोन, एक,
एकाहूनही थोडं खाली,
पेटी हाक मारते आणि हृदय उठत नाही.
तिथेच उंबरठा. झटकन मागे फिरायचं,
त्याच्या तिपटीवर बटण ठेवून हात धुवायचे.

दुसरं बटण ऐकण्याचं. ते मला कठीण जातं.
कान फार तिखट ठेवले
तर पेशंट कुशीवर वळला तरी पेटीला ठोका वाटतो,
ती गप्प बसते, गरज असताना.
कान जड ठेवले तर ती त्याच्या बोलण्यात तोंड घालते,
आणि भलत्या क्षणी घातलं तर सगळंच संपतं.
एकदा फोनवर बहिणीला हे सांगितलं.
ती म्हणाली, अगं, हे तर बाबाच.

सत्तर म्हणजे दिवसाला एक लाख आठशे.
रात्रपाळीत माणूस काहीही हिशोब करतं.

पेटीवर दोन दिवे: एक बोलल्याचा, एक ऐकल्याचा.
चौथ्या दिवशी रात्निकनी वेग उतरवला,
साठ, पन्नास, चाळीस,
आणि खोलीतले आम्ही सगळे उगाचच श्वास धरून.
बोलल्याचा दिवा. बोलल्याचा. बोलल्याचा.
"परत सत्तर," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.
अँटिबायोटिकची बाटली थेंब थेंब गळत होती.
उर्वेने राईचा पाव आणला होता, धुरावलेल्या माशासकट.
तो आम्हीच खाल्ला.

सहाव्या रात्री बॅटरी बदलायची वेळ झाली होती.
नवी हातात होती. तीन वाजून दहा मिनिटं.
ऐकल्याचा दिवा लागला.
मग बोलल्याचे चार.
मग पुन्हा ऐकल्याचा.
मी कोणाला उठवलं नाही. खुर्ची ओढून घेतली.
तो घोरत होता, तोंड उघडं,
आणि त्याला न विचारता त्याच्या आत कोणीतरी
निरोप खाली पाठवायला लागलं होतं.
मग आठवलं, बॅटरी.

नवव्या दिवशी तार ओढून काढली.
टाका नाही, फक्त बोटांचा दाब, पाच मिनिटं.
पेटी पुसली, बॅटरी काढली,
कपाटात ठेवून चिठ्ठीवर तारीख लिहिली.

जाताना राउनोने विचारलं, आता काय जपायचं?
त्याला काही मोठं ऐकायचं असावं.
मी म्हटलं, गवतात जाताना
पँट मोज्यात खोच.