गोड्या विहिरीची बाटली

पहाटे पाच चाळीसला पावलू डिमेलो व्हॉल्व्ह फिरवतो
तेव्हा आधी हवा येते.
बाजारपेठेतले सगळे नळ एकदम खाकरतात,
मग लाल पाणी, जांभ्याच्या रंगाचं,
मग पांढुरकं,
मग ज्याला आम्ही पाणी म्हणतो ते.
तिथे मी बाटली धरते.
पंचायतीने दिलेली पिशवी, सहा बाटल्या, चिकटपट्टी,
आणि एक पेन, जे ओल्या हातात लिहीत नाही.

नळाला पावडरीचा वास येतो, ही तक्रार जुनी.
चहा फाटल्यासारखा लागतो,
सोलकढीचा रंग बसत नाही,
भाताला दवाखान्याचा वास.
डॉक्टरांच्या बायकोने विचारलं, किती टाकता हो?
मी म्हटलं, मापाने.
माप म्हणजे एक वाटी. वाटीला चीर गेली आहे.

मच्छीमार्केटच्या मागे पाइप गटाराखालून जातो.
त्याचा जोड बदला, असं मी तीन वेळा लिहिलं.
साहेबांनी तिन्ही वेळा सही केली.
सही छान आहे त्यांची.

म्हणून गाबीतवाडी नळाचं पीत नाही.
नळ भांड्यांना, नळ जाळी धुवायला.
प्यायला उंडीच्या झाडाखालची गोडी विहीर.
समुद्रापासून चाळीस पावलांवर, तरी गोडी.
मे महिन्यात इतर विहिरी मचूळ होतात,
ही होत नाही.
लग्न होऊन मालाडला गेलेल्या मुली
परतताना हिचं पाणी कॅनमधून नेतात.
मीही त्याच वाडीची. माझे दुधाचे दात
तिच्याच पाण्यावर आले, तिच्याच पाण्यावर पडले.

तिची बाटली भरली तेव्हा मला खात्री होती.
खरं सांगायचं तर खात्री होती म्हणूनच भरली,
नळाच्या बाटलीशेजारी ठेवून
साहेबांना दाखवायला.

दोन्ही कपाटात ठेवल्या, हळदीच्या डब्यामागे.
नळाची रात्रभर पिवळी राहिली,
दुसऱ्या दिवशीही पिवळीच.
विहिरीची दुपारी तपकिरी झाली
आणि दिवेलागणीला काळी,
माकुलाच्या पोटातल्या शाईसारखी.

पुन्हा भरली. दोरी धुऊन, हात धुऊन.
पुन्हा माकूल.

विहिरीच्या वरच्या अंगाला दोन वर्षांत
सात नवे संडास झाले, होमस्टेंचे.
खड्डे जांभ्यात.
जांभा म्हणजे काय, नुसती चाळण.

बाटली पदराखाली घेऊन शेवंती तारीच्या पडवीत गेले.
"काळा झाला? मगे लोखंड असतला."
लोखंड नाही गो.
"मगे काय?"
ट्रेनिंगमधला शब्द तिला कळला नसता,
आणि घरातला शब्द
तिच्या चुलीसमोर मला म्हणवेना.
उकळून पी, एवढंच म्हटलं.
"उकळलला पाणी म्हंजे मेलला पाणी,"
असं म्हणत ती आत गेली
आणि गुळाचा खडा, पितळी पेला घेऊन आली.
उन्हातून आलेल्या माणसाला
कोण तसंच पाठवतं?

पेला थंड होता, बाहेरून घामेजलेला.
वास नाही. रंग नाही. तीच चव असणार,
जिभेला अगोदरच आठवली.
तिचा नातू माझ्याकडे बघत होता, चार वर्षांचा,
त्याच्या हातात तसाच छोटा पेला,
अर्धा प्यायलेला.

मी दोन्ही पेले चुलीवरच्या टोपात ओतले.
शेवंती काही बोलली नाही.
लाकूडही पुढे सारलं नाही.
मीच सारलं, मीच फुंकलं,
डोळ्यात धूर गेला.

टोपाच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले,
मोहरीएवढे, मग चवळीएवढे.
आम्ही तिघं बसून राहिलो
पाणी मरायची वाट बघत.
गूळ पोराने तोवर खाऊन टाकला.