धडा सातवा

दुपारी तीनलाच अंधार पडतो राउमात.
गॅरेजमधला जुना टेपरेकॉर्डर वर आणलाय,
झाकणाला अजून ग्रीसचा वास.
वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, कॅसेट आता कुणी नेत नाही,
ठेवूनच घ्या.
बारा कॅसेट. पैकी पाचवी हरवलेली.

टेपमधला माणूस भलता उत्साही.
विचारतो, स्टेशन कुठे आहे?
आणि माझ्या उत्तरासाठी
चार सेकंद गप्प बसतो.
चार सेकंद!
एवढ्यात आमच्याकडे माणूस
नुसता कप खाली ठेवतो.
मी तोंड उघडेपर्यंत
तो स्वतःच सांगून मोकळा: डावीकडे.

'र' जमतो. पहिल्या दिवसापासून.
बेचाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली,
जिभेला थरथर ठाऊक आहे.
अडतं ते भलतीकडेच.
आमच्या भाषेत तो आणि ती एकच,
आणि आता कळतंय की टेबल बाई,
सुरी बुवा,
बाहेर गुडघाभर साचलेला बर्फ, तीही बाईच.
सत्तरी उलटल्यावर
स्वयंपाकघरातल्या वस्तूंशी
नव्यानं ओळख करून घ्यायची.

शिवाय 'आहे' दोन.
एक पक्का: दगड दगड आहे, मी माणूस आहे.
एक हलता: कॉफी गार आहे,
मी दमलेला आहे, मांजर माळ्यावर आहे.
फ्रिजवर चिठ्ठी लावलीय,
तरी चुकतोच.

हे सगळं एदेल्मिरासाठी.
माझ्या भावाची बायको. वाल्पाराईसोची.
चाळीस वर्षं तिचा आवाज ऐकला
तो दोन शब्दांपुरता.
"ओला, ताईस्तो,"
आणि फोन लगेच उर्होकडे.
मग आम्ही दोघं भाऊ:
हवा कशी?
बरी.
तुझ्याकडे?
बरी.
कॉलचे पैसे वाचायचे, दोन्हीकडचे.
बोट बदलायला म्हणून उतरला होता तिथे,
तो राहिलाच. का, ते मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.
मार्चमध्ये त्याच्या मुलीचा संदेश आला,
इंग्रजीत, तीन ओळींचा.

रविवारी नंबर फिरवला.
कागद समोर. घसा दोनदा साफ केला.
ओला, एदेल्मिरा. कोमो एस्ता उस्तेद?
ती दचकली, आणि दचकता दचकता हसली.
बिएन, ताईस्तो, बिएन!
त्या हसण्यानं मला जोर आला.
पाठ केलेलं एक वाक्य
मागच्या वाक्याला ओढत आणतं,
जाळ्यातल्या माशामागून मासा यावा तसं.
इ सु मारिदो?
आणि तुमचे यजमान कसे आहेत?

सातवा धडा. त्यात तोच क्रम आहे.

पॉजचं बटण
कुठे असतं अशा वेळी?
चार सेकंद झाले. आठ झाले.
तिच्याकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

मग ती बोलली, सावकाश,
लहान मुलाला भरवावा तसा
एकेक शब्द सुटा करून:
एस्ता बिएन.
एस्ता एन एल पातिओ.
देबाहो देल लिमोनेरो.

बरा आहे.
अंगणात आहे.
लिंबाच्या झाडाखाली.

शब्दन्‌शब्द कळला. पहिल्यांदाच.
आणि तिन्ही ठिकाणी
'आहे' तो हलता.

मला विचारायचं होतं, लिंबं धरली का यंदा?
लिंबू होतं माझ्याकडे,
धरणं नव्हतं.
पाचव्या कॅसेटमध्ये असेल कदाचित.
तेव्हा नुसतंच म्हणालो, लिमोनेस?
मुचोस, ती म्हणाली. खूप.
आणि मग जी बोलत सुटली,
वीस मिनिटं, पंचवीस,
अंगण, उर्हो, कुठली तरी फुटलेली बादली,
पुन्हा उर्हो.
बाकीचं हाती लागलं नाही.
मी मध्ये मध्ये सी, सी म्हणत
खिडकीबाहेरच्या
त्या पांढऱ्या बाईकडे बघत राहिलो.