हरण्याचा गुण

वैजूनं पहिल्यांदा तो चेंडू घरी आणला
तेव्हा मी तो तराजूत टाकून बघितला.
चारशे तीस ग्रॅम.
बेक्किनकेऱ्याच्या तांबड्या मातीतलं
चांगलं पोसलेलं रताळं तेवढंच भरतं.
आकारही तोच.
"बाबा, हे पुढं फेकायचं नसतं," ती म्हणाली,
"पुढं पळायचं. द्यायचं मागंच."
मी म्हटलं, असला कसला खेळ,
पुढं जायचं आणि मागं द्यायचं?
मग आठवलं,
मार्केट यार्डात टेम्पो मी रोज तसाच लावतो.

शिकवलं काकतकर सुभेदारांनी,
कॅम्पातून रिटायर, दोन्ही कानांनी अधू.
भात कापलेल्या रानात चौदा पोरी,
निम्म्या मराठीत ओरडायच्या, निम्म्या कानडीत,
सुभेदारांना दोन्ही सारखंच.
शिट्टी मात्र त्यांची
वैजनाथाच्या डोंगरापर्यंत जायची.

मग फॉर्म आला.
जन्म कुठला, बापाचा कुठला, आज्याचा कुठला.
तिचा आजा मुंबई इलाख्यात जन्मला,
मी म्हैसूर राज्यात,
ती कर्नाटकात.
साहेब पेन थांबवून म्हणाले,
"कुटुंब बरंच फिरलेलं दिसतंय."
"आम्ही नाही हो," वैजू म्हणाली,
"घर तेच हाय. न्हाणीतला हंडासुद्धा तोच."

पात्रता म्हणजे काय
ते तिनं पोत्यावर खडूनं लिहून दाखवलं.
चार संघ. पहिला थेट वर.
दुसऱ्याला आणखी एक दार,
लांबच्या कुठल्या खंडातल्या दुसऱ्याशी झुंजून उघडायचं.
जिंकलं तर चार गुण. चार ट्राय केल्या तर वर एक.
हरलं,
पण सात किंवा सातापेक्षा कमीनं हरलं, तर एक.
"हरल्याबद्दल?"
"नीट हरल्याबद्दल."
खडू हातात धरून मी बसून राहिलो.
आमच्याकडं हरण्याला गुण नसतात, पोरी,
तारीख असते.
पुढची.

तिकडं घड्याळ अडीच तास पुढं,
इकडं यार्डात लिलाव संपत आलेला.
टेम्पोच्या काचेला मोबाईल टेकवून मी,
चार हमाल, आणि दलाल इराण्णा,
ज्याच्याशी माझं अठरा वर्षं
अर्ध्या किलोवरून भांडण.
पहिला सामना जिंकलेला, पाच गुण.
दुसऱ्यात धूळ चाटली, शून्य.
ज्यांच्याशी बरोबरी होती
ते सकाळीच मार खाऊन पाचावर थांबलेले.
म्हणजे आता एकच गुण हवा,
आणि समोर गटातल्या सगळ्यात थोराड बाया.
चोवीस, बारा.
आठ मिनिटं.

वैजूकडं चेंडू आला तेव्हा समोर रान मोकळं दिसलं.
मी ओरडलो, पळ!
ती पळालीही, वीसेक पावलं,
आणि तिघींनी तिला एकदम मातीत घातलं.
पडता पडता तिनं चेंडू मागं दिला,
न बघता,
जसा विळा न बघता मागच्याच्या हातात देतात तसा.
अकरा नंबरची ओरिसाची पोर
तो घेऊन कोपऱ्यात जाऊन पडली.
सतरा.
वरची किक खांबाला लागून बाहेर गेली.

मग मिनिटं वाजत राहिली, शिट्टी झाली,
आणि आम्ही सगळे बोटं मोजायला लागलो.
सात.
"सात चालतात का सातच्या आत पाहिजे?"
पोत्यावरची अक्षरं हमालांच्या पाठीनं पुसलेली.
मोबाईलवर वैजू अजून पाठीवर पडलेली,
छाती भात्यासारखी.
इराण्णा तराजूवर हात आपटून ओरडला,
"एळु! एळु!"

कानडीत एळु म्हणजे सात.
आणि एळु म्हणजे ऊठ.
कुठलं म्हणत होता
मी अजून विचारलेलं नाही.

ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून
फळ्याकडं बघत राहिली, हसली नाही.
मग फळ्यावर आमच्या नावासमोर सहा आलं.

पुढचा सामना महिन्यानं, थंडीच्या देशात.
रात्री फोनवर म्हणाली, "बाबा, हरलो की."
मी म्हटलं, किती?
म्हणाली, "बरोब्बर."

सकाळी इराण्णानं वजन करताना
काटा माझ्या बाजूला
थोडा जास्तच झुकू दिला.
मी काही बोललो नाही.
तोही नाही.