चार बोटं

व्हिसावर माझा हुद्दा शटरिंग कार्पेंटर.
म्हणजे चौदा वर्षं मी असे साचे ठोकतोय
जे सिमेंट आवळलं की उचकटून फेकायचे असतात.
या देशात माझ्या हातचं काही उभं आहे म्हणावं
तर ते आत ओतलेल्याचं. माझं नाही.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी शामला जातो.
रास अल खैमाच्या उत्तरेला, डोंगर जिथे
समुद्राच्या अंगावर येतो तिथलं गाव.
मुसब्बहचं अंगण, बकऱ्यांचा वास,
अर्धी बादली शिरका
आणि त्यात बुडवलेली त्याच्या बापाची जिर्झ.

जिर्झ म्हणजे काठीच, फक्त मुठीच्या जागी
तळहातात मावेल एवढी कुऱ्हाड.
इथले डोंगरी म्हातारे ती टेकत जातात
लग्नाला, मयताला, बँकेतसुद्धा.
खारं वारं खाऊन खाऊन हिचं पातं
गुळाच्या खड्यासारखं झालं होतं.

सकाळी शिरका कोऱ्या चहासारखा काळा.
तारेचा ब्रश जपून फिरवला, कारण गंजाखाली
कुणीतरी छिन्नीनं त्रिकोण कोरलेत, त्रिकोणांत टिंबं,
आणि एका ठिकाणी हात घसरलाय.
तो ओरखडा दिसला तसा मी ब्रश ठेवला,
पुढचं सगळं चिंधीनं पुसलं.

जुना दांडा नेढ्यातच कुजला होता.
तो किडक्या दाढेसारखा पोखरून काढला.
नवा बोरीचा. इथे तिला सिद्र म्हणतात,
पण काटा तोच, अन् रंधा मारताना येणारा वास
आजऱ्याच्या आमच्या बांधावरचा.

मी त्याला आमची म्हण सांगितली,
निम्मी अरबी, निम्मी हिंदी, उरलेली हातवाऱ्यांनी:
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.
'गोत' म्हणजे काय ते कळेपर्यंत चहाचा थर्मास संपला.
मग म्हणाला, हिला कुणी तोडली नाही.
वादीला लोंढा आला त्या वर्षी
मुळासकट आपण होऊन दारात आली.
तीन वर्षं सावलीत वाळवली.
आता सांग, हिचं कुणाशी भांडण?

मला उत्तर सुचलं नाही. काचेच्या तुकड्यानं
दांडा तासत बसलो, एक डोळा मिटून
सरळ आहे का बघत. मग अळशीचं तेल,
वाळू द्यायचं, पुन्हा तेल.

पातं दांड्यावर ठोकून बसवत नाहीत.
दांडा अधांतरी धरायचा, बुडाला हातोडा मारायचा;
लोखंड आपल्याच वजनानं दांड्यावर घट्ट होत जातं.
बाबांनी शिकवलेलं. साचे ठोकताना
याचा कधी उपयोग झाला नाही.

लांबी मी जुन्या दांड्याची घेतली होती, नेमकी.
मुसब्बह उभा राहिला, हात टेकवला
आणि त्याचं कोपर वर गेलं, खांदा वर गेला,
एखादं पोर मोठ्याची काठी घेऊन उभं राहतं तसं.
मी पुन्हा मापलं. चूक नव्हती.
जुनी काठी त्याच्या चाळिशीतली.
आता तो चार बोटं उतरला होता.

कुणीच काही बोललं नाही. बकरी मात्र
त्याच्या कंदुऱ्याची कड चघळत होती.
त्यानंच करवत माझ्याकडे सरकवली.

कापलेला तुकडा मी फेकला नाही.
त्यातूनच पाचर काढली, पातळ, निमुळती,
आणि माथ्यातल्या चिरेत ठोकली.
शेवटच्या घावाला लाकूड करकरलं. बसली.
त्याची उतरलेली उंची आता पातं धरून आहे.

तो फाटकापर्यंत चालत गेला, परत आला.
मजुरीचं काढलं नाही, मीही नाही.
मला चौकटीशी उभं केलं, जमिनीपासून
विती टाकत माझ्या तळहातापर्यंत आला,
आणि छपराखाली उरलेल्या फांदीकडे बघू लागला.

राहू दे, मी म्हटलं.
मी अजून उतरायचोय.