तीन ठोके

ऊठ, आदेलीनू.
वाटाण्यांची थंड पिशवी केव्हाच वितळली,
आणि ओदेत यायच्या आत
टाच अजून वीसदा सरकायचीय.
मी मोजते. तू शिव्या दे.

टाचेखाली ताट, ताटाखाली फरशी.
सांधा कुरकुरतो म्हणालास,
तर ओदेत म्हणाली, धातू कुरकुरत नाही,
कुरकुरतोय तो माणूस.
सोमवारी चौसष्ट अंश वाकला,
गुरुवारी एकाहत्तर,
रविवारी परत अडुसष्ट,
तेव्हापासून तू भिंतीकडे तोंड करून पडलायस.

गुडघे टेकले की माणूस हरला म्हणतात.
तू तर एक्केचाळीस वर्षं
गुडघे टेकूनच घरी पाव आणलास.
सेतूबलच्या निम्म्या फुटपाथांवर
पांढरा दगड, काळा दगड,
हातोडीचे तीन ठोके, की पुढचा.
लग्नाला उभा राहिलास
तेव्हाही विजारीवर चुनखडीची धूळ,
तुझ्या गुडघ्याला बाशिंग होतं ते एवढंच.

काठी घे.
आज दारापर्यंत नाही, बेकरीपर्यंत.
जिना उतरताना नवा पाय आधी,
चढताना जुना.
घाबरलास तर कठडा धर,
मला धरू नकोस, दोघंही पडू.

बाहेर ऊन.
तूच बसवलेल्या काळ्या लाटांवरून
तू चालतोस, कुणाच्या तरी घरात
चोरून शिरल्यासारखा.
बेकरीच्या अलीकडे थांबतोस.
मला वाटतं, दुखलं.
"दगड निघालाय," म्हणतोस.

सवयीनं वाकायला जातोस.
गुडघा अर्ध्यात नाही म्हणतो.
तुझं तोंड असं होतं
की मी दुसरीकडे बघते,
मग गटारीजवळचा तो दगड उचलते
आणि बसते खाली,
सत्तरीची बाई, भर रस्त्यात, पहिल्यांदाच.

"उलटा धरलायस. निमुळतं खाली.
असा नाही, बेलमीरा, शेजारच्याला टेकव.
वाळू ओढ. अजून. आता ठोक."
काठीच्या मुठीनं एक, दोन.
"तिसरा हलका."

अकरा मिनिटं झाली.
ओदेतनं पाच सांगितली होती.
तू कशालाही न धरता उभा आहेस
आणि तुला ते ठाऊकही नाही.
मी सांगत नाही.

शिवाय आता माझेच गुडघे उठेनात.
बेकरीवाली दारात येते, हसते.
तू हात पुढे करतोस,
आठवड्यात पहिल्यांदा तुझे दात दिसतात.
"मी मोजतो," म्हणतोस,
"तू शिव्या दे."